जनेलच्या कार्डावरचा टाको

१४ जानेवारी, मंगळवार

बटण दाबलं. लाल ठिपका लागला. म्हणजे आता मी बोलायचं आणि या पाटीनं लिहायचं. काय लिहिलं ते मला कधीच कळणार नाही – म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित!

लाईलने नाताळात दिली ही काचेची पाटी. "आई, तुझी बोटं दुखतात ना, लिहीत नको बसूस. नुसतं बोल." बोटं दुखतात! पंचेचाळीस वर्षांचं बाळ माझं, आईच्या बोटांची काळजी करतं. मी म्हटलं, हो रे, फार दुखतात.

तर आजपासून सून दुपारपाळीला. वृद्धाश्रमात, मंगळवार आणि गुरुवार, दोन ते दहा. जनेल गुणी आहे, पण नेब्रास्काची आहे. सगळं एका भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतो, त्या आमच्या हॉटडिशला तिकडे कॅसेरोल म्हणतात. मिनेसोटात येऊन दहा वर्षं झाली, अजून तेच म्हणते. मी सोडून दिलंय. जवळजवळ.

जाताना तिनं फ्रिजवर चुंबकाखाली एक कार्ड लावलं. "आई, मंगळवारी टाको कॅसेरोल. माझ्या आईची कृती आहे. अगदी सोपी, सगळं लिहिलंय."

अगदी सोपी! वाचणाऱ्याला.

हॉटडिश मला बारा प्रकारच्या येतात. ट्यूनाची, रानतांदळाची, बटाट्याच्या गोळ्यांची – डोळे मिटून करते. पण टाको? मी तरुण होते तेव्हा हा मेक्सिकोचा तिखट प्रकार या गावात पोचला नव्हता. काळी मिरी घातली तरी माणसं पाणी मागायची. असं काही नवीन आलं की माझा नवरा, ऑरिन, वाचून दाखवायचा. टपाल, औषधाच्या बाटल्या, पाकिटं, सगळं. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि जाताना माझे डोळे घेऊन गेला.

सिग्नी साडेतीनला शाळेतून आली. नात माझी. दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड थांबत नाही. मी म्हटलं, "सिग्नी, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे. जरा ते कार्ड वाच ना गं."

चष्मा एप्रनच्या खिशात होता. नेहमी तिथेच असतो. हरवायला सोपं जातं.

ती खुर्चीवर चढली. "एक पौंड खिमा. परतायचा. टाको मसाल्याची पुडी घालायची. मग मक्याच्या चिप्स – खाली एक पिशवी, वर एक पिशवी. मधे मक्याचे दाणे. आणि चीज. सगळं."

"सगळं?"

"स-ग-ळं. असंच लिहिलंय."

"आणि कांदा?"

बोट कार्डावर फिरलं. वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. "कांदा नाही लिहिलेला, आजी."

खिमा परतायचा आणि कांदा नाही! म्हटलं, नेब्रास्का. असेल.

सहाला लाईल आला. धान्याच्या कोठारावर काम करतो, जेवायला बसतो तेव्हा भिवयांपर्यंत धूळ असते. एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. "हं," म्हणाला. "वेगळं आहे."

पाटीबाई, तू बाहेरची, तुला सांगायला हवं. आमच्याकडे वाईट कुणी म्हणत नाही. पाद्रीबाईंनी दीड तास प्रवचन दिलं तर बाहेर पडताना म्हणायचं, "आज वेगळं होतं." माझ्या मैत्रिणीनं, डेलोरेसने, केस जांभळे केले तेव्हा अख्खं चर्च म्हणालं, "वेगळे दिसतात." तिनं दुसऱ्या दिवशी धुऊन काढले.

म्हणजे माझी पहिली टाको हॉटडिश जांभळी निघाली.

सिग्नीनं मात्र दोनदा घेतली.

१५ जानेवारी

जनेलने दुपारी उरलेलं गरम करून खाल्लं. "आई, कांदा नव्हता का घरात?"

मी म्हटलं, "होता."

"अच्छा," म्हणाली. मग, "वेगळं लागतंय."

हे बरं शिकली!

२१ जानेवारी, मंगळवार

मार्शमॅलो.

साखरेच्या त्या मऊ, गुबगुबीत गोळ्या! मी दोनदा विचारलं. "सिग्नी, नीट बघ. मार्शमॅलो?" "हो आजी, छोटे. वरून पसरायचे." बोट कार्डावर, डोळे माझ्यावर. मी विचार केला – रताळ्यावर आपण घालतो. जेलोच्या सॅलडमध्ये घालतो. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जे हिरवं काहीतरी वाढतात त्यातही असतात, आणि तेच सगळ्यात आधी संपतं. मग टाकोनं काय घोडं मारलंय?

पसरले. ओव्हनमध्ये छान सोनेरी झाले, फुगले. दिसायला सुरेख!

लाईलने पानात वाढून घेतलं. काटा लावला. तार निघाली. काटा वर नेला तशी तारही वर गेली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"आणखी वाढू?" मी विचारलं.

"नको, आई."

"थोडं?"

"नको."

"चमचाभर तरी?"

"नको."

तिसऱ्यांदाही नको! इथे माणूस दोनदा नको म्हणतो ते शिष्टाचार म्हणून. तिसऱ्यांदा "बरं, चमचाभर" म्हणायचं, एवढं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. ऑरिनशी लग्न होऊन मी या घरात आले त्याला छपन्न वर्षं झाली. तिसरा नकार आज पहिल्यांदा ऐकला.

भांड्यातला शेवटचा तुकडाही उरला नाही. आमच्याकडे शिष्टाचार म्हणून तो कुणीच घेत नसतं, अर्धा करून अर्ध्याचा अर्धा करून ठेवतात. सिग्नीनं सरळ उचलला.

२२ जानेवारी

सकाळी भांडं खरवडत होते. मार्शमॅलो ओव्हनमधून निघाले की सिमेंट होतात. खरवडता खरवडता हात थांबला.

कार्ड तेच आहे. जनेलने बदललेलं नाही. कोपऱ्यात लोण्याचा डाग आहे, तोही तोच. मग गेल्या मंगळवारी मार्शमॅलो नव्हते आणि काल कुठून उगवले?

कार्ड हातात घेऊन उभी राहिले. जसं काही ते मला सांगणारच होतं!

पोरगी वाचत नाहीये. मनचं सांगतेय.

२५ जानेवारी, शनिवार

तीन दिवस नजर ठेवून आहे. आता खात्री झाली.

काल ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन मांडीवर आली. अस्वलाचं आहे. "आजी, तू वाच ना." मी म्हटलं, "अगं चष्मा..." "मग चित्रं बघून सांग." मी म्हटलं, "तूच वाच की." "माझे डोळे दुखतात." पुस्तक इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी मीच सांगितली गोष्ट, चित्रं बघत. अस्वलाला मी सांधेदुखी लावली, त्याच्या बायकोला कजाग केलं. सिग्नी हसून हसून पडली. पण पुस्तकाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग शाळेची चिठ्ठी. गुरुवारी दप्तरातून काढली. मी म्हटलं, "काय गं ते?" एक नजर टाकून म्हणाली, "काही नाही. उद्या शाळेत कुकीज न्यायच्या आहेत. बारा." मी केल्या बारा. दुसऱ्या दिवशी जनेलने चिठ्ठी पाहिली, ती दंतवैद्याची होती.

डोळे दुखतात. चित्रं बघून सांग. काहीतरी ठोकून द्यायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. पाटीबाई, ही सगळी माझी हत्यारं आहेत! मीच घासून घासून धार लावलेली. ती त्या चिमुरड्या हातात बघितली.

माझ्या लहानपणी आम्ही बीटच्या शेतांवर मजुरीला. एका गावात पेरणी, दुसऱ्या गावात खुरपणी. शाळा वाटेत लागायची तशी लागायची. ज्या दिवशी बाईंना माझं नाव पाठ व्हायचं त्या दिवशी आमचं बिऱ्हाड हलायचं. आकडे मला आले. आकडे गुणी, जागचे हलत नाहीत. म्हणून स्तोत्राचं पान बरोबर उघडते, तीनशे बारा म्हटलं की तीनशे बारा, आणि शब्द सगळे पाठ. चर्चमध्ये माझ्याइतकं पुस्तक नीट धरणारं कुणी नाही. पण अक्षरं! दहा वर्षांची झाले तेव्हा वर्गातली पोरं वाचत होती आणि मी ओठ हलवत होते. मग लाजच वाटायला लागली, आणि लाज एकदा मुरली की ती आळशी होते, हलत नाही.

सिग्नी सात वर्षांची आहे. अजून मुरलेली नाही.

सांगायला हवं. पण काय सांगू? "जनेल, तुझ्या मुलीला वाचता येत नाही." "तुम्हाला कसं कळलं, आई?" मग?

२६ जानेवारी, रविवार

तीनशे बारा. पुस्तक उत्तम धरलं. डेलोरेस कानात म्हणाली, "तुझा चष्मा दिसत नाही आज." मी म्हटलं, "पाठ आहे."

२८ जानेवारी, मंगळवार

आज म्हटलं, परीक्षा घेऊ. कार्ड उलटं धरून दिलं, कोरी बाजू वर. सिग्नीनं शांतपणे पलटलं. हे बघून मी आधी गोंधळले, मग वाटलं, शाई कुठे आहे ते मलाही दिसतं. त्यात काय!

"बोल."

"खिमा. पुडी. चिप्स. चीज. मार्शमॅलो या वेळी नको."

"का गं?"

"कार्डावर लिहिलंय, एक आठवडा सोडून."

एक आठवडा सोडून! बिचारी. खोटं बोलायचं तर इतकं तपशिलात बोलू नये, मी कधी बोलले नाही. "अजून काय लिहिलंय?" मी विचारलं. ती थांबली. कपाळाला आठी. "अजून... पॅनकेकचं सिरप. पाव वाटी."

मी काय करायला हवं होतं? "खोटं" म्हटलं असतं तर तिचा चेहरा पडला असता. तो चेहरा मला माहीत आहे, आतून. मी पाव वाटी सिरप मोजलं आणि ओतलं.

लाईल जेवायला बसला. एक घास. दुसरा घास. मग पाण्याचा पूर्ण पेला. "फारच वेगळं आहे, आई," म्हणाला, आणि माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला भीतीच वाटली.

सिग्नी दोनदा घेते. दर वेळी. आपली चूक झाकायला खाते पोरगी, हूं नाही की चूं नाही. माझंच काळीज आहे ते.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी मोज्यांच्या जोड्या लावायला तळघरात गेले होते. वर स्वयंपाकघरात नवरा-बायको. कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीतून सगळं खाली ऐकू येतं, हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी काही सांगणार नाही.

जनेल म्हणाली, "सिरप, लाईल. टाकोमध्ये सिरप."

लाईल म्हणाला, "चव बदलते गं माणसाची वयानुसार."

"मी रोज बघते आश्रमात. सुरुवात अशीच होते. रोजची कृती चुकते. मग गॅस चालू राहतो. घरात कुणी नसताना त्या आणि सिग्नी, दोघीच असतात."

लाईलची खुर्ची करकरली. मग म्हणाला, "आईचं डोकं तर माझ्यापेक्षा बरं चालतं."

"मग एकदा तपासून घेऊ. पुढच्या गुरुवारी, सहा तारखेला वेळ मिळतेय. आणि तोवर, मला वाईट वाटतं, पण तोवर सिग्नीला त्यांच्यापाशी एकटीला ठेवायला नको."

रडत होती सून. माझ्यासाठी. हातात मोजे धरून मी खाली उभी. बिनजोडीचे निघाले दोन्ही.

१ फेब्रुवारी, शनिवार

डेलोरेसकडे कॉफीला गेले. तिच्या नवऱ्याची गेल्या वर्षी अशीच तपासणी झाली होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय काय विचारतात गं?

"काही नाही, पोरखेळ. आज वार कोणता. शंभरातून सात वजा करत जा."

म्हटलं, हे मी झोपेत करीन.

"मग एक कागद दाखवतात, त्यावर लिहिलेलं वाचायचं आणि तसं करायचं. आणि शेवटी एक वाक्य लिहायला सांगतात, मनाला येईल ते."

"एवढंच?" मी म्हटलं आणि कॉफी सांडली.

बघ पाटीबाई, काय मजा! डोकं ठिकाणावर आहे हे दाखवायला मला लिहून दाखवायचंय. नाही लिहिलं तर डोकं गेलं. खरं सांगितलं तर अब्रू गेली. आणि "पोरीनं चुकीचं वाचलं" म्हटलं तर पोरगी गेली, सगळ्यांदेखत, माझ्या बचावासाठी.

तीन दारं, आणि तिन्हींमागे मीच उभी.

२ फेब्रुवारी

गप्प बसले तर काय होईल? मला वेडी ठरवतील, सांभाळतील, माझ्या हातातला चमचा काढून घेतील. चालेल. छपन्न वर्षं ढवळलंय, पुरे झालं.

पण सिग्नी चष्मा शोधत राहील. सत्तर वर्षं.

३ फेब्रुवारी

सांगणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं सांगते, बॅटरी संपेपर्यंत.

जनेलने पाळी बदलून घेतली होती. सिग्नी स्केटिंगला, लाईल तिला सोडायला. घरात आम्ही दोघीच. तिनं सगळं सामान ओट्यावर मांडलं आणि म्हणाली, "आई, आज तुम्ही करा, मी नुसती बसते." आश्रमात म्हाताऱ्यांना कॉफी करायला सांगतात आणि लांबून बघत बसतात, तसंच. तोंडावर हसू, हातात घड्याळ.

फ्रिजवरून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "चष्मा हवा?"

"आहे." खिशातून काढून घातला. किती दिवसांनी! जनेलचं अक्षर म्हणे सुरेख आहे. मला दिसल्या त्या मुंग्या. वारूळ फुटल्यासारख्या.

"पहिल्या ओळीत काय आहे, आई?" अगदी हळू विचारलं तिनं. हळू विचारलेलं जास्त लागतं.

मी म्हटलं, "जनेल, माझं डोकं शाबूत आहे. मला वाचता येत नाही."

"नंबर बदलला असेल, आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे..."

"या चष्म्याला नंबरच नाही. ऑरिनने दुकानात निवडला होता. मला शोभतो म्हणून."

तिला कळायला वेळ लागला. मग तिची नजर माझ्यावरून कार्डावर, कार्डावरून फ्रिजवर गेली, तिथे चिकटवलेल्या दहा वर्षांच्या चिठ्ठ्यांवर. "दूध आण", "डॉक्टर तीनला", "आई, औषध विसरू नका". सगळ्या माझ्यासाठी लिहिलेल्या.

"मग हे सगळं तुम्ही..."

"लाईलला विचारायचे, आज काय काय आहे रे म्हणून."

"आणि मार्शमॅलो? सिरप?"

इथे मी थांबले. इथवरचं माझं होतं, दिलं. पुढचं पोरीचं. "सिग्नीनं वाचून दाखवलं," मी म्हटलं. "म्हणजे वाचलं नाही. जनेल, तिलाही येत नाही गं. मनचं सांगते. डोळे दुखतात म्हणते, पुस्तक माझ्या हातात देते, चिठ्ठ्या ठोकून देते. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळतं, मी सत्तर वर्षं तेच केलंय. तिला रागावू नकोस. पण सोडूही नकोस. मला सोडलं होतं सगळ्यांनी – मी फार गोड बोलायचे ना!"

जनेल खाली बसली. ओट्याजवळ, जमिनीवरच.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. लाईल. बुटांवर बर्फ, हातात सिग्नीची टोपी. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"आई, मला ठाऊक आहे," म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुझं. तिसरीत होतो तेव्हापासून."

"कुणी सांगितलं? बाबांनी?"

"प्रगतिपुस्तकानं. गणितात नापास होतो. तुझ्यापुढे धरलं आणि म्हटलं, सहलीची चिठ्ठी आहे, सही कर. तू केलीस. वर म्हणालीस, स्वेटर ने." तो बूट काढायला वाकला, म्हणजे तोंड दिसू नये. "मग दर सहामाहीला तेच. आठवीपर्यंत."

मी आठवून पाहिलं. "बऱ्याच सहली काढायची तुमची शाळा."

"एकही नाही काढली, आई."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू विषय काढला नाहीस. मग मी कसा काढू?"

खरंच आहे. कसा काढणार! या राज्यात माणूस तळ्याच्या बर्फात कमरेपर्यंत गेला तरी म्हणतो, काही नाही, जरा ओलं झालंय.

जनेल हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली, मग दोन्ही. तिनं उठून मला धरलं आणि माझा चष्मा वाकडा झाला. गुरुवारची तपासणी तिथल्या तिथे फोन करून रद्द केली. दुसरा फोन शाळेत, व्होल्डनबाईंना. सिग्नीच्या त्या वर्गशिक्षिका. शुक्रवारी नवरा-बायको दोघांना बोलावलंय.

मग आम्ही हॉटडिश केली. तिनं कार्ड मोठ्यानं वाचलं, मी हात चालवले. कांदा, एक मोठा, बारीक चिरून. लसूण. तांबडा घेवडा, एक डबा, पाणी निथळून. टोमॅटो. हिरव्या मिरच्यांचा छोटा डबा. चिप्स फक्त वर, चुरून. चीज दीड वाटी. सगळं नाही – दीड वाटी! वरून आंबट साय, ती पानात घ्यायची.

चाळीस मिनिटांत झाली. लाईलने तीनदा घेतली.

आणि मी? तीन आठवड्यांनी खरी चव पाहिली. खरं सांगू? वेगळं होतं.

मी तसं म्हटलंही. जनेल म्हणाली, "आई, मला आता या शब्दाचा अर्थ कळतो." मी म्हटलं, "मग तू आमची झालीस. आता हॉटडिश म्हण." "कॅसेरोल," म्हणाली. डोळे पुसत होती, तरी.

५ फेब्रुवारी

सिग्नीनं शिळं खाल्लं. कांद्याचा एकेक तुकडा वेचून पानाच्या कडेला ओळीनं लावला. घेवड्याचीही ओळ. "हे कार्डावर नव्हतं," म्हणाली.

"आता आहे," मी म्हटलं. मग तिच्याजवळ बसले. कधीपासून घोकलेलं बोलले – की मलाही वाचता येत नाही, लाजण्यासारखं काही नाही, आता शाळेत वेगळ्या बाई शिकवतील, आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही.

तिनं कांद्याचा शेवटचा तुकडा ओळीत लावला. मग माझा हात थोपटला. "असू दे हं, आजी."

मला वाटलं होतं, थोपटायचं काम माझं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आली दोघं शाळेतून. व्होल्डनबाई म्हणाल्या, सिग्नी चौथीची पुस्तकं वाचते. वर्गातल्या दोन मुलांना तीच शिकवते.

लाईलने सिग्नीला विचारलं, "मग ते कार्ड?"

"मला कांदा आवडत नाही," सिग्नी म्हणाली. "घेवडा पण. आणि आजी सारखी विचारायची, अजून काय लिहिलंय, अजून काय लिहिलंय. मग मी सांगत गेले."

"आणि कुकीज? दंतवैद्याची चिठ्ठी होती ना ती?" जनेल.

"दंतवैद्य मला नको होता. कुकीज हव्या होत्या."

"आणि अस्वलाचं पुस्तक?"

"आजीचं अस्वल जास्त चांगलं आहे."

सत्तर वर्षं जपलेलं गुपित मी फोडलं, कशापायी? कांद्यापायी! पोरगी माझ्यावर गेलीच नव्हती. बापावर गेलीय.

व्होल्डनबाईंनी तिच्या वाचनाच्या शिकवणीसाठी गुरुवारी चारची वेळ राखून ठेवली होती. वेळ तशीच आहे म्हणाल्या, घरात आणखी कुणाला हवी असेल तर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नको. मग म्हटलं, नको नको. तिसऱ्यांदा जनेलने विचारलं.

बरं, म्हटलं. चमचाभर.

"मी येते तुझ्यासोबत, आजी," सिग्नी म्हणाली. "अडलं तर मी वाचून दाखवीन."

मी म्हटलं, तू सोडून कुणीही.